मुलगा दृढीकरणाला नाही म्हणतो तेव्हा

प्रश्न : पत्रलेखिका श्रद्धाळू ख्रिस्ती घरात वाढलेल्या आहेत. त्यांना चौदा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी आहे. दोघांचाही बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, घरात रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना होते आणि रविवारची उपासना सहसा चुकत नाही. मुलगा वर्षभर दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने विश्वास स्वीकारण्याच्या विधीच्या, वर्गाला जात होता. विधी दोन महिन्यांवर आलेला असताना त्याने आईला सांगितले, “मला जे खरे वाटत नाही ते सगळ्यांसमोर उभा राहून मी म्हणणार नाही.” मुलांवर लहानपणापासून हे लादायलाच नको होते, मोठी झाली की त्यांचे ती ठरवतील, असे यजमानांचे मत आहे. सासूबाईंच्या मते आईचीच शिकवण कमी पडली आणि आता चर्चच्या मंडळीत नाचक्की होणार. धाकट्या मुलीने एका रात्री विचारले, “दादा नरकात जाणार का?” त्यावर पत्रलेखिकेला उत्तर सुचले नाही. मुलाला विधीसाठी उभे राहायला लावावे की सगळेच सोडून द्यावे, आणि आपले चुकले कुठे, असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय भगिनी,

आपले कुठे चुकले हा प्रश्न तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा येतो. मुलाचे वाक्य मात्र एकदाच येते आणि ते नोंदवून तुम्ही लगेच पुढे जाता. मी त्या वाक्यापाशी थांबणार आहे. देव नाही, असे तुमचा मुलगा म्हणालेला नाही. मंडळी सोडतो किंवा तुमचा विश्वास खुळचट आहे, असेही तो म्हणालेला नाही. जे मनापासून पटलेले नाही ते देवासमोर आणि मंडळीसमोर आपण बोलणार नाही, एवढेच तो सांगतो आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाच्या वतीने आईवडिलांनी आणि धर्ममातापित्यांनी जी वचने दिली, ती मुलाने जाणत्या वयात स्वतःच्या तोंडाने स्वीकारायची, यासाठी दृढीकरणाचा विधी असतो. ती वचने मनात नसताना उच्चारली तर विधी पार पडेल, फोटोही निघतील, परंतु ज्यासाठी तो विधी आहे ते घडणार नाही. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये आणि खोटी साक्ष देऊ नये, या आज्ञा त्याच्याकडून बहुधा तुम्हीच पाठ करून घेतल्या असतील. त्या आज्ञा गांभीर्याने घेतल्याशिवाय चौदा वर्षांचे मूल घरातल्या सगळ्यांची नाराजी ओढवून घेऊन असे बोलत नाही. तुमच्या शिकवणीपासून तो दूर गेला आहे असे तुम्हाला वाटते. मला तर या नकारात तुमची शिकवणच बोलताना ऐकू येते.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर आडपडदा न ठेवता देतो. त्याला उभे राहायला लावू नका. भीड घालून, आजीचे वय पुढे करून किंवा ‘माझ्यासाठी एवढे कर’ म्हणून त्याला तयार केलेत, तर देवाच्या घरात मोठ्यांना जे ऐकायचे असते ते बोलायचे असते, हा धडा तो त्या दिवशी शिकेल आणि तो पुसायला पुढे फार वर्षे लागतील. विधी पुढे ढकलता येतो, आणि त्यासाठी कोणते वय योग्य यावर ख्रिस्ती मंडळ्यांचे कधीच एकमत नव्हते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत तान्ह्या मुलाला बाप्तिस्म्याबरोबरच तैलाभ्यंग, म्हणजे दृढीकरणाच्या जागी असलेला तेल लावण्याचा विधी, होतो आणि प्रभुभोजनही दिले जाते. कॅथलिक मंडळीत पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे पहिल्या प्रभुभोजनाचे, वय साधारण सात वर्षांपर्यंत खाली आणले. बॅप्टिस्ट मंडळ्या तर व्यक्तीने स्वतः विश्वास कबूल केल्याखेरीज बाप्तिस्माच देत नाहीत, मग ती व्यक्ती बारा वर्षांची असो वा चाळिशीची. वयाबद्दल इतकी मतभिन्नता असताना चौदाव्या वर्षी हे झाले नाही म्हणजे वेळ निघून गेली, असे मानायला काही आधार दिसत नाही.

विधीसाठी सक्ती न करणे आणि सगळेच सोडून देणे, या दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. तुमचे यजमान त्या एकत्र करतात, असे मला वाटते. विश्वास सक्तीने देता येत नाही, हे त्यांचे म्हणणे योग्यच आहे. ‘मोठी झाल्यावर ठरवतील’ या म्हणण्यात मात्र एक गृहीतक लपलेले आहे: काहीच शिकवले नाही तर मुलाचे मन कोरे राहते आणि अठराव्या वर्षी ते सगळे पर्याय समोर मांडून निवड करते. मन असे कोरे राहत नाही. ज्या घरात देवाचे नाव कधीच निघत नाही तिथेही मूल काहीतरी शिकतच असते. निदान एवढे तरी शिकते की हा विषय बोलण्याजोगा नाही. जी गोष्ट कधी जवळून पाहिलीच नाही ती स्वीकारता येत नाही आणि प्रामाणिकपणे नाकारताही येत नाही. तुमचा मुलगा आज जो नकार देतो आहे तो नेमका कशाला, हे त्याला माहीत आहे, कारण तुम्ही त्याला शिकवले.

यजमानांशी बोलताना पवित्र शास्त्रातील इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय दोघांनी मिळून वाचावा, असे सुचवतो. बापांनी आपल्या मुलांना चिडीस न आणता प्रभूच्या शिस्तीत आणि शिक्षणात वाढवावे, असे प्रेषित पौल तिथे सांगतो. मुलांना चिडीस आणू नका, हा भाग तुमच्या यजमानांच्या बाजूचा आहे; वाढवा, हा भाग त्यांच्यावर जबाबदारी टाकणारा आहे. पत्रावरून असे दिसते की प्रार्थना, वर्ग, वचने हे सगळे तुमच्याकडे आणि टीका करणे त्यांच्याकडे, अशी वाटणी होऊन बसली आहे. ते स्वतः कितपत विश्वास ठेवतात हे तुम्ही लिहिलेले नाही. ते विश्वासापासून दूर असले, तरी त्यामुळे सगळे संपले असे समजू नका. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता, असे पौल लिहितो. त्याचा बाप ग्रीक होता एवढाच उल्लेख प्रेषितांच्या कृत्यांत येतो आणि त्याच्या विश्वासाबद्दल तिथे अक्षरही नाही. मात्र मुलासमोर त्याच्या निर्णयावरून दोघांनी वाद घालू नये. आईबापांपैकी एकाची बाजू घेणे म्हणजे विश्वास, आणि दुसऱ्याची घेणे म्हणजे अविश्वास, असे समीकरण त्याच्या मनात बसले तर पुढे तो कोणताही निर्णय मोकळेपणाने घेऊ शकणार नाही.

आता ज्या वचनाने तुमची झोप उडवली आहे त्याकडे वळतो. मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला द्या म्हणजे म्हातारपणीही तो त्यापासून फिरणार नाही, हे नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायातले वचन तुम्ही करारनाम्यासारखे वाचता: मी माझा भाग पुरा केला असता तर मुलगा असा बोलला नसता, तो बोलला, म्हणजे माझाच भाग अपुरा राहिला. परंतु नीतिसूत्रे हा करारांचा ग्रंथ नव्हे. आयुष्य पाहिलेल्या माणसांनी, बहुतेक वेळा असे घडते, हे नेमक्या शब्दांत सांगून ठेवले आहे. याच ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात चौथे वचन सांगते की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच पाचवे सांगते की त्याला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर दे. दोन्ही शेजारी ठेवणाऱ्याला विसंगती कळत नव्हती असे नाही. कोणते वचन कोणत्या प्रसंगी लागू करायचे, ते वाचणाऱ्याने ठरवावे अशी त्याची अपेक्षा होती. शिवाय ते वचन म्हातारपणाबद्दल बोलते आणि तुमचा मुलगा चौदा वर्षांचा आहे, हेही जाता जाता लक्षात घ्यावे.

पवित्र शास्त्रातील घरे पाहिली तरी हा हिशेब जुळत नाही. याजक एलीचे मुलगे दुराचारी निघाले, परंतु त्याच एलीच्या हाताखाली वाढलेला शमुवेल संदेष्टा झाला. पुढे त्याच शमुवेलाचे मुलगे लाच खाऊन न्याय फिरवू लागले, असे पहिल्या शमुवेलाच्या आठव्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायातील बापाचे दोन मुलगे एकाच घरात वाढले. एक दूर देशी निघून गेला आणि दुसरा घरातच राहून मनाने कडवट झाला, पण त्या बापाचे काय चुकले, असा प्रश्न प्रभू येशू कुठेही काढत नाही. मुलाचा विश्वास हे आईबापांच्या कामाचे हमखास फळ मानले, तर तो विश्वास देवाचे दान उरत नाही, आणि ज्यांची मुले निमूटपणे विधीसाठी उभी राहतात त्यांनी त्याचे श्रेय स्वतःकडे घ्यायलाही हरकत उरत नाही. तुमच्या मंडळीत असे श्रेय घेणारे असतीलच. त्यांच्याकडे पाहून स्वतःचे मोजमाप करू नका.

अशा वेळी संत मोनिकेचे उदाहरण हटकून दिले जाते, आणि तुम्हालाही कोणीतरी ते सांगितलेच असेल. तिचा मुलगा, पुढे थोर ख्रिस्ती विचारवंत ठरलेला ऑगस्टीन, 354 मध्ये जन्मला, तरुणपणी मणी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथाच्या नादी लागला आणि अखेर 387 च्या पुनरुत्थानाच्या सणाला मिलान येथे बिशप अँब्रोज यांच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. आईच्या अश्रूंनी मुलगा परत आला, असे त्याचे तात्पर्य काढतात. मला त्यातला एक दुर्लक्षित प्रसंग अधिक उपयोगी वाटतो. मुलाशी वाद घालून त्याला वळवावे म्हणून मोनिका एका बिशपच्या मागे लागली, तेव्हा त्याने नकार दिला. मुलगा अजून ऐकण्याच्या स्थितीत नाही, त्याला तसाच राहू दे, त्याच्यासाठी प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचे त्यालाच कळेल, असे त्याने सांगितले. तो बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेला होता, म्हणून त्याला घाई नव्हती. तुमच्या ओळखीत शंकांमधून गेलेले आणि त्याबद्दल मोकळेपणाने बोलू शकणारे एखादे वडीलधारे माणूस असेल, तर मुलाची त्याच्याशी गाठ घालून द्या. शंका कधी आल्याच नाहीत, असे अभिमानाने सांगणाऱ्यांना मात्र तूर्त दूर ठेवा.

घरातल्या शिकवणीबद्दल बोलायचे तर तुम्ही लिहिलेला एक तपशील माझ्या मनात राहिला. संध्याकाळच्या प्रार्थनेत मुलगा ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एका श्वासात उरकतो, शेवटचा ‘आमेन’ म्हणता म्हणताच त्याचा हात मोबाईलकडे जातो, आणि त्यावरून रोज तुमची बोलाचाली होते. ही बोलाचाली थांबवण्यासाठी प्रार्थनाच बदलून पाहा. ती लहान करा आणि त्याच्यावर म्हणण्याची सक्ती ठेवू नका. शांत बसला तरी पुरे. आठवड्यातून एखाद्या दिवशी तक्रारीचे स्तोत्र मोठ्याने वाचा. स्तोत्रसंहितेतील तेरावे स्तोत्र ‘कोठवर’ असा प्रश्न देवाला पुन्हा पुन्हा विचारते, आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटी दिलाशाचे एक वाक्यही नाही. या ओळी पवित्र शास्त्रात आहेत आणि मंडळीने त्या गाळलेल्या नाहीत, हे वर्गात जाणाऱ्या पुष्कळ मुलांना कोणी सांगितलेलेच नसते.

पवित्र शास्त्रातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांच्या मनावर बिंबवावी, अशी आज्ञा आहे आणि ती आपण भिंतीवर टांगतो. त्याच अध्यायात पुढे, या विधींचा अर्थ काय, असे तुझा मुलगा पुढे तुला विचारील तेव्हा काय सांगायचे, तेही दिलेले आहे. मूल विचारणार, हे तिथे गृहीतच धरले आहे. उत्तराची सुरुवात नियमाने होत नाही. आम्ही मिसरात फारोचे दास होतो आणि परमेश्वराने आम्हाला बाहेर काढले, अशी घरातल्या घरात सांगायची हकिकत तिथे येते. मार्टिन ल्यूथर यांनी 1529 मध्ये कुटुंबप्रमुखांसाठी जी लहान प्रश्नोत्तरी लिहिली तीही प्रत्येक आज्ञेनंतर ‘याचा अर्थ काय?’ असे विचारत पुढे जाते; फक्त तिथे उत्तरही छापलेले असते, आणि मुलाने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठ करून घेण्याची आपली सवय बहुधा तिथूनच आली. तुम्ही मुलाला तुमची हकिकत सांगा. कोणती प्रार्थना ऐकली गेली असे तुम्हाला वाटले, कोणती ऐकली गेली नाही, मंडळीतील कोणाच्या वागण्याने तुम्ही दुखावलात आणि तरीही का टिकलात. त्यात कुठे ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणावे लागले तर म्हणा.

त्याआधी त्याला एक गोष्ट विचारा आणि उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका: नेमके काय खरे वाटत नाही? एखाद्या मुलाला उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि शाळेतले विज्ञान यांचा मेळ बसवता येत नाही. एखाद्याने आजारी माणसासाठी मनापासून प्रार्थना केलेली असते आणि ते माणूस गेलेले असते. एखाद्याला आपला जिवलग मित्र दुसऱ्या धर्माचा असल्यामुळे तारणाबद्दलचे ऐकवत नाही. आणि एखाद्याने मंडळीतल्या मोठ्यांना आत एक आणि बाहेर एक वागताना पाहिलेले असते. या सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही. अडचण विज्ञानाची असेल, तर विश्व प्रसरण पावते आहे हे 1927 मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते, आणि आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल मठात राहणारे होते, हे त्याला सांगा. यातून देव सिद्ध होत नाही आणि तसा आव आणूही नका. दोन्ही गोष्टी एका डोक्यात नांदू शकतात, एवढेच त्याला कळेल. अडचण मृत्यूची असेल तर माहिती देऊ नका, त्याच्याजवळ बसा. आणि दांभिकपणाची असेल, तर त्याने जे पाहिले ते खरे असल्यास तसे मान्य करा. मंडळीची बाजू राखण्यासाठी त्याच्या डोळ्यांना खोटे पाडू नका.

रविवारच्या उपासनेबद्दल माझे मत काही वाचकांना पटणार नाही. चौदा वर्षांच्या मुलाने कुटुंबाबरोबर उपासनेला यावे, अशी अपेक्षा ठेवायला माझ्या मते हरकत नाही. ती घराची रीत आहे आणि या वयात घराच्या काही रीती पाळाव्या लागतात. मात्र त्याने गावे, विश्वासांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली) म्हणावा किंवा दानाचे ताट फिरवताना हसतमुख राहावे, अशी अपेक्षा ठेवू नका. योहानाच्या विसाव्या अध्यायात शिष्य थोमा पुनरुत्थित येशूच्या जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असे ठणकावून सांगतो, आणि आठ दिवसांनंतरही तो इतर शिष्यांबरोबर त्याच घरात असतो. त्याला कोणी बाहेर काढलेले नसते. शंका घेऊन आत बसण्याची तीच मुभा तुमच्या मुलाला मिळावी. सोळाव्या वर्षाच्या आसपास ही अपेक्षाही त्याच्याशी बोलून नव्याने ठरवा, आणि दर रविवारी सकाळी घरात रडारड होत असेल तर त्याआधीच सोडून द्या. मुलांना चिडवू नका, नाहीतर ती खिन्न होतील, असे कलस्सैकरांस पत्रात लिहिले आहे.

मुलीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे राहिले आहे, आणि ते या आठवड्यातच द्या, कारण आठ वर्षांचे मूल अशा प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर मौनालाच होकार समजते. ‘दादा सुधारला नाही तर…’ असे वाक्य तिच्या कानावर पडू देऊ नका. तिला जवळ घेऊन सरळ सांगा: दादा वाईट वागलेला नाही, तो विचार करतो आहे, देव दादावर आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त प्रेम करतो, कोणाचा न्याय कसा करायचा ते देवाचे काम आहे आणि ते त्याने आपल्यापैकी कोणालाही दिलेले नाही. नरकाविषयी तुमच्या मंडळीची शिकवण काहीही असो, हे उत्तर तिच्या विरोधात जात नाही. मग तिला नरकाची धास्ती कोणी घातली, वर्गात की घरी, ते हळूच काढून घ्या. देवाचे भय घालून मुलांना जेवायला किंवा झोपायला लावण्याची सवय घरात असेल तर ती आजच बंद करा; देव बघतो आहे, हे वाक्य ज्या मुलांनी फक्त दटावणीत ऐकलेले असते त्यांना त्या नजरेत पुढे प्रेम दिसणे कठीण जाते. लहानांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याविषयी प्रभू येशू बोलला तेही मोठ्यांना उद्देशूनच.

सासूबाईंशी बोलण्याचे काम तुम्ही अंगावर घेऊ नका; ते यजमानांनी करावे. मुलावर लादू नये, असे त्यांचे मत आहे, तर स्वतःच्या आईला ते समजावून सांगण्याची ही योग्य वेळ आहे. सासूबाईंचे दुःख खरे आहे, आणि नातवाने आजीजवळ बसून, तिने स्वतः कशी प्रार्थना करायला सुरुवात केली हे विचारले, तर त्यांचा राग बराच निवळेल असे मला वाटते.

शेवटी पाळकांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे, जाण्याबद्दल. मुलाने स्वतः जावे, तुम्ही फार तर दारापर्यंत सोबत करा. त्याने काय बोलायचे ते त्याला पढवू नका; आपण वर्ग पूर्ण करू पण यंदा वचने देऊ शकणार नाही, एवढे त्याला सांगता आले की झाले. बहुतेक पाळकांनी असे विद्यार्थी पूर्वी पाहिलेले असतात आणि ते समजून घेतात. तुमच्या पाळकांनी मंडळीच्या अब्रूचा विषय काढून त्याच्यावर दडपण आणले, तर मात्र तुम्ही दोघे आईवडील एकत्र जाऊन त्यांच्याशी बोला आणि ठामपणे नाही म्हणा. ही भेट उमेदवारांची नावे उपासनेत वाचून दाखवण्याच्या आधी व्हायला हवी. एकदा नाव जाहीर झाले की ते मागे घेणे मुलालाही जड जाते आणि पाळकांनाही.